झाकलेले कोंबडे आणि मेंदूतले घड्याळ

बारामतीहून इंदापूरकडे जाताना निमगाव केतकी लागते. आषाढीच्या वारीत तुकोबांची पालखी या गावात मुक्कामाला असते. एरवी हे गाव ओळखले जाते ते विड्याच्या पानांच्या मळ्यांसाठी. शिक्षकांच्या एका कार्यशाळेच्या निमित्ताने आम्ही तिथे गेलो होतो. दिवसाचे काम संपल्यावर एका गुरुजींनी आम्हाला आपल्या भावाचा पानमळा दाखवायला नेले. सूर्य मावळतीला आला होता. ज्या शेवरीवर आणि हादग्यावर नागवेल चढवलेली होती, त्या झाडांची पाने हळूहळू मिटत होती.

“ही आत्ता का मिटतात?” आम्ही विचारले.

“उजेड गेला म्हणून,” गुरुजी म्हणाले. “सकाळी उजेड आला की उघडतात.”

त्यांचे बंधू मात्र दुसऱ्याच विचारात होते. “पानांचं बरं आहे,” ते म्हणाले. “आमची या आठवड्यात रात्रीची लाईट. मोटर चालू करायला मध्यरात्री परत यायचं. आमच्या झोपेचा कुणी विचार करत नाही.” त्यावर गुरुजी हसून म्हणाले, “आणि याचा नववीतला पोरगा सकाळी सातच्या शाळेत पहिल्या तासाला डुलक्या घेतो. तो काही मोटर चालू करायला जात नाही!”

मिटणारी पाने, रात्री जागणारा बाप आणि सकाळी पेंगणारा मुलगा. या तिघांना जोडणारी एक गोष्ट आहे, आणि ती सापडायला माणसाला दोन हजारांहून अधिक वर्षे लागली. गुरुजींचे उत्तर इतके सरळ वाटते की ते तपासून पाहावे असे फार काळ कुणाला सुचलेच नाही.

अंधाऱ्या कपाटातले रोप

झाडांच्या पानांची ही हालचाल नोंदवणाऱ्यांत पहिले नाव येते ते अँड्रोस्थेनिस याचे. हा सिकंदराच्या आरमारातला अधिकारी. इ. स. पूर्व चौथ्या शतकात, आज ज्याला आपण बहारीन म्हणतो त्या बेटावर, त्याने चिंचेची पाने रात्री मिटताना पाहिली. पाहिली आणि लिहून ठेवली, एवढेच. कारण विचारले असते तर त्यानेही गुरुजींचेच उत्तर दिले असते.

ते उत्तर तपासले १७२९ साली जाँ-जाक दोर्तू द मेराँ या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने. त्याने लाजाळूसारखे एक रोप काळोख्या जागी ठेवले. सूर्य दिसत नाही, उजेड नाही. तर मग पाने उघडायला नकोत. पण पाने दिवसा उघडत राहिली आणि रात्री मिटत राहिली!

आपल्याकडे म्हण आहे, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. इथे नेमके उलटे घडत होते. तांबडे फुटलेले दिसत नव्हते, तरी कोंबडे आरवत होते. खऱ्या कोंबड्याची गोष्टही तशीच आहे. २०१३ साली जपानी शास्त्रज्ञांनी कोंबड्यांना सतत मंद उजेडात ठेवले, तेव्हाही ते पहाटेच्या सुमारास आरवतच राहिले.

मेराँला मात्र रोपाच्या आत घड्याळ असेल असे वाटले नाही. सूर्य न दिसताही रोपाला तो कसा तरी जाणवत असावा, असे त्याने मानले. ही शंका वाजवी होती. उजेड बंद केला तरी उष्णतेतला बदल किंवा आणखी काही आत झिरपत असेल कशावरून नाही?

या शंकेला उत्तर मिळाले ते एका आकड्याने. १८३२ साली ओग्यूस्तँ द कांदोल या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने लाजाळूची रोपे सतत उजेडात ठेवून पाहिली. त्यांची उघडझाप चालू राहिली. पण एक फेरा २४ तासांचा नव्हता, २२ ते २३ तासांचा होता. म्हणजे रोज पाने आदल्या दिवसापेक्षा एक ते दोन तास आधी उघडत होती.

यात विशेष काय, असे वर्गात कुणी विचारेल. विशेष असे की पृथ्वीची फेरी २४ तासांची आहे. रोप बाहेरच्या कुठल्याही छुप्या खुणेवर चालत असते, तर त्याचा फेराही बरोबर २४ तासांचाच आला असता. शेजाऱ्याच्या घड्याळात डोकावून वेळ सांगणारा माणूस शेजाऱ्याचीच वेळ सांगतो. ज्याचे घड्याळ रोज तासभर पुढे जाते, त्याचे घड्याळ स्वतःचे असते. हे ‘चुकणे’ हाच स्वतंत्र घड्याळाचा पुरावा. पुढच्या दीडशे वर्षांतल्या बहुतेक प्रयोगांमागे हाच युक्तिवाद आहे.

उंदरांचे चाक

हे झाले वनस्पतींचे. सस्तन प्राण्यांत हा प्रश्न चिकाटीने धरून ठेवला तो अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील कर्ट रिक्टर यांनी. १९२०च्या दशकापासून त्यांनी उंदरांना फिरत्या चाकाच्या पिंजऱ्यात ठेवले. उंदीर चाकात धावला की चाक फिरते आणि कागदावर खूण उमटते. साधे उपकरण, पण उंदीर कधी जागा होता आणि कधी झोपला हे ते वर्षानुवर्षे लिहून ठेवते. दृष्टी गेलेल्या उंदरांतही धावण्याची लय टिकून राहते, फक्त प्रत्येक जण आपापल्या वेगाने दिवसाच्या पुढे-मागे सरकत जातो, हे या खुणांवरून दिसले.

मग घड्याळ शरीरात आहे तरी कुठे? रिक्टर यांनी उंदरांच्या एकेक ग्रंथी काढून पाहिल्या. लय काही थांबली नाही. अखेर १९६७ साली त्यांनी लिहिले की मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागाला इजा केली तरच लय मोडते. नेमकी जागा त्यांना दाखवता आली नाही, पण वाडा सापडला होता. खोली शोधायची होती.

दरम्यान या लयीला नाव मिळाले. १९५९ साली फ्रान्झ हालबर्ग यांनी ‘सर्केडियन’ हा शब्द तयार केला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘साधारण एक दिवस’. त्यातला ‘साधारण’ महत्त्वाचा. १९६०च्या दशकात जर्मनीत युर्गेन आशॉफ आणि र्युटगर वेव्हर यांनी माणसांना जमिनीखालच्या खोल्यांत घड्याळाशिवाय आठवडेच्या आठवडे ठेवले. त्यांचा दिवस सरासरी २५ तासांचा निघाला. हा आकडा पुष्कळ वर्षे पाठ्यपुस्तकांत होता. पण त्या खोल्यांतले दिवे माणसे स्वतःच लावत-मालवत होती, आणि रात्री उशिरा लावलेला दिवाही घड्याळाला मागे ढकलतो. ही त्रुटी दूर करून १९९९ साली हार्वर्डमध्ये चार्ल्स झाइस्लर यांच्या गटाने मोजणी केली, तेव्हा सरासरी आली २४ तास ११ मिनिटे.

१९७२: फुलीवरची जागा

खोली सापडली १९७२ साली, आणि तीही एकाच वर्षी दोन प्रयोगशाळांना. शिकागोमध्ये रॉबर्ट मूर यांनी असा विचार केला: घड्याळ उजेडाने जुळते, म्हणजे डोळ्यापासून घड्याळापर्यंत एक वाट असलीच पाहिजे. त्यांनी उंदराच्या डोळ्यात किरणोत्सारी खूण असलेले रेणू सोडले आणि ते मेंदूत कुठवर जातात ते पाहिले. दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या चेता जिथे एकमेकींना ओलांडून फुली करतात, त्या फुलीच्या अगदी वर पेशींचे दोन छोटे पुंजके आहेत. एक वाट थेट तिथे पोचत होती.

ते पुंजके नष्ट केल्यावर काय होते? मूर आणि आयक्लर यांना दिसले की रक्तातल्या एका संप्रेरकाची रोजची चढ-उतार नाहीशी झाली. कॅलिफोर्नियात बर्कलीला स्टीफन आणि झुकर यांना दिसले की उंदीर धावतो, पाणी पितो, सगळे करतो. पण कधीही करतो. त्याचा दिवस आणि रात्र नाहीशी झाली होती.

या पुंजक्यांना सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस म्हणतात. आपण सोपेपणासाठी ‘फुलीवरचे केंद्र’ म्हणू. माणसात यातला एकेक पुंजका मोहरीच्या दाण्याहून लहान असतो आणि त्यात सुमारे दहा हजार पेशी असतात.

पण इथे थांबून विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारावा. गावातली डीपी जळाली की सगळ्या मोटारी बंद पडतात. म्हणून वीज डीपीत तयार होते असे म्हणता येईल का? एखादी जागा नष्ट केल्यावर काम थांबले, एवढ्याने ते काम तिथेच होते असे सिद्ध होत नाही. कदाचित घड्याळ दुसरीकडे असेल आणि हे केंद्र नुसती तार असेल.

ही शंका दोन टप्प्यांत मिटली. १९७९ साली जपानमध्ये इनोउए आणि कावामुरा यांनी उंदराच्या मेंदूत या केंद्राचा बाकी मेंदूशी असलेला संबंध तोडला. केंद्राच्या आतले विद्युत्‌संदेश रोजच्या लयीत चालूच राहिले; बाहेरच्या मेंदूतली लय गेली.

दुसरा पुरावा योगायोगाने हाती आला. मार्टिन राल्फ आणि मायकेल मेनाकर यांना हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्यांत एक विचित्र नर सापडला. त्याचा दिवस २२ तासांचा होता. त्याच्या वंशात २० तासांचा दिवस असलेली पिल्लेही जन्मली. १९८८ साली हे प्रसिद्ध झाले आणि १९९० साली त्यांनी निर्णायक प्रयोग केला. एका हॅमस्टरचे केंद्र नष्ट करून त्याच्या जागी दुसऱ्या जातकुळीच्या गर्भातले केंद्र बसवले. लय परत आली. कुणाची? ज्याने केंद्र दिले त्याची. २० तासांचे केंद्र मिळालेला प्राणी २० तासांच्या दिवसाने जगू लागला. नुसती तार बदलून असे होणार नाही. घड्याळ तिथेच होते.

घड्याळाची चाके

पेशीच्या आत हे घड्याळ चालते कसे, याचा धागा सापडला तो फळमाशीत. १९७१ साली रोनाल्ड कोनोप्का आणि सेमूर बेन्झर यांनी तीन प्रकारच्या माश्या शोधल्या: एकीचा दिवस १९ तासांचा, दुसरीचा २८ तासांचा आणि तिसरीला लयच नाही. तिन्ही बिघाड एकाच जनुकात होते. १९८४ साली ते जनुक वेगळे करण्यात आले. १९९४ साली जोसेफ ताकाहाशी यांच्या गटाने उंदरातही घड्याळाचा बिघाड करणारे जनुक शोधले, आणि माशी व सस्तन प्राणी यांच्या घड्याळांची रचना एकाच धर्तीची आहे हे लवकरच स्पष्ट झाले. माशीतल्या या कामासाठी जेफ्री हॉल, मायकेल रॉसबाश आणि मायकेल यंग यांना २०१७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कल्पना घरातल्या पाण्याच्या टाकीसारखी आहे. टाकी भरली की तरंगता गोळा वर येऊन नळ बंद करतो. पाणी वापरले की गोळा खाली जातो आणि नळ उघडतो. पेशीत जनुकाच्या सूचनेवरून प्रथिन तयार होते. ते पुरेसे साठले की स्वतःच्याच जनुकाचे काम थांबवते. मग प्रथिन हळूहळू विघटित होते, जनुक मोकळे होते आणि पुन्हा सुरुवात. या एका फेऱ्याला साधारण २४ तास लागतात.

अशी घड्याळे यकृतात, स्नायूंत, जवळजवळ सगळ्या शरीरात असतात. फुलीवरचे केंद्र त्यांना एका ठेक्यात ठेवते, दिंडीतल्या टाळकऱ्यांना मृदंग ठेवतो तसे. त्याच्याच तालावर संध्याकाळी मेलॅटोनिन हे संप्रेरक वाढू लागते, पहाटेच्या आधी शरीराचे तापमान सर्वांत खाली जाते, आणि जाग येण्याच्या सुमारास कॉर्टिसोल चढते. निशाचर उंदरात आणि दिवसा वावरणाऱ्या माणसात, दोघांतही या केंद्रातल्या पेशी दिवसाच अधिक सक्रिय असतात. फरक पडतो तो शरीर त्या संदेशाचा काय अर्थ लावते त्यात.

गुहेतली वटवाघळे

आतले घड्याळ २४ तासांहून थोडे कमी-जास्त असल्यामुळे ते रोज बाहेरच्या दिवसाशी जुळवावे लागते. अंधाऱ्या गुहेत राहणारी वटवाघळे हे कसे करतात? या प्रश्नावरचे महत्त्वाचे काम आपल्या देशात झाले. मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली दाखवले की गुहेच्या काळोखात पिंजऱ्यात ठेवलेले वटवाघूळ, भोवतालच्या मोकळ्या वटवाघळांच्या येण्याजाण्यावरून आपले घड्याळ जुळवते. सोबती नसलेल्या गुहेत ते दिवसापासून सरकत जाते. १९८५ साली त्याच विद्यापीठातून आलेल्या संशोधनात उंदराची पिल्ले आईच्या येण्याजाण्यावरून घड्याळ लावतात असे दिसले.

महाराष्ट्रात तेव्हाच्या अहमदनगरमधील, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधील, अहमदनगर कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात दिलीप जोशी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हा धागा पुढे नेला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधांचा विषय होता संधिप्रकाश. गुहेतल्या वटवाघळाला दिवसभराचे ऊन लागत नाही. पहाटेच्या आणि सांजेच्या थोड्याशा उजेडावर त्याचे घड्याळ जुळू शकते. आपल्या मराठी मुलखातल्या एका कॉलेजात हे काम झाले, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.

माणसातही नियम तोच आहे. सकाळचा उजेड घड्याळ पुढे आणतो, रात्रीचा उजेड मागे ढकलतो. हा उजेड टिपणाऱ्या डोळ्यातल्या खास पेशी २००२ साली ओळखल्या गेल्या. त्या चित्र पाहण्यासाठी नसून मुख्यतः उजेड मोजण्यासाठी आहेत, आणि निळसर प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात.

पुन्हा पानमळ्यात

आता मळ्यातल्या दोघांकडे वळू. रात्रीच्या पाळीचा माणूस, मग तो मोटरवर असो की गाळपाच्या हंगामात साखर कारखान्यात, इच्छाशक्तीने जागा राहतो. पण त्याचे घड्याळ एका रात्रीत फिरत नाही. एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री वीज मिळाली, तर ते जुळते-न जुळते तोच पुन्हा मोडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली रात्रपाळीची गणना ‘कर्करोगास बहुधा कारणीभूत’ या गटात केली. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून महाराष्ट्रात २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. तिच्याकडे विजेच्या हिशोबाबरोबर आरोग्याच्या हिशोबानेही पाहायला हवे.

आणि तो मुलगा? १९९३ साली मेरी कार्स्काडन यांच्या अभ्यासात दिसले की वयात येताना मुलांचा कल उशिरा झोपण्या-उठण्याकडे सरकतो. पुढच्या संशोधनाने यामागे शरीरातले बदलही आहेत हे दाखवले. मोबाईल त्यात भर घालतो, पण सुरुवात मोबाईलने केलेली नाही. त्याच्या बापाची सकाळ आणि त्याची सकाळ एकाच वेळी होत नाही.

महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवण्याचा निर्णय घेतला. तो स्वागतार्हच आहे. पण घड्याळ उशिरा सरकते ते मुख्यतः त्यानंतरच्या वयात, आणि इमारत अपुरी पडली की सकाळची पाळी बहुधा या मोठ्या मुलांच्याच वाट्याला येते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली माध्यमिक वर्ग साडेआठच्या आधी भरवू नयेत अशी शिफारस केली होती. आपल्याकडे एस. टी.च्या वेळा, ऊन, दोन पाळ्या या अडचणी खऱ्या आहेत. तरी निदान गणिताचा तास पहिला ठेवू नये, परीक्षा सकाळी सातला घेऊ नये, एवढे कुठल्याही शाळेला जमेल.

वर्गात करून पाहा

लाजाळूच्या दोन कुंड्या घ्या. एक खिडकीत ठेवा, दुसरी दोन-तीन दिवस बंद कपाटात. दोन्हींच्या पानांची नोंद सकाळी, दुपारी, संध्याकाळी करा. कपाट थोडाच वेळ उघडा आणि पानांना धक्का लावू नका. काळोखात हालचाल हळूहळू मंदावते, म्हणून पहिले दोन दिवस महत्त्वाचे.

त्याबरोबर आठवी ते दहावीच्या मुलांना तीन आठवडे झोपल्याची आणि उठल्याची वेळ वहीत लिहायला सांगा. शाळेचे दिवस वेगळे, सुट्टीचे वेगळे. झोपेच्या मध्याची वेळ काढा. कुणी १० ते ५ झोपला तर मध्य दीड वाजता येतो. सुट्टीतला मध्य शाळेच्या दिवसांच्या मध्यापेक्षा किती पुढे आहे, ते काढून वर्गाची सरासरी फळ्यावर मांडा. मुलाचे घड्याळ आणि शाळेचे घड्याळ यांत किती अंतर आहे, याचा बराचसा अंदाज त्यावरून येतो.

निमगाव केतकीच्या गुरुजींना आम्ही हेच सुचवले. डुलक्या घेणाऱ्या पुतण्याला उभे करण्याआधी त्याची वही पाहा, आणि सगळ्या वर्गाची सरासरी आली की ती मुख्याध्यापकांपुढे आणि पालकांच्या सभेत ठेवा. ते म्हणाले, “वही ठेवायला सांगतो. पण मग भावालाही एक वही द्यावी लागेल.”

द्यावीच.